सायप्रसला शून्य

मिस डॉरिस फार्रुजा आठव्या आल्या त्याला तेवीस वर्षं झाली होती, पण गोझोत त्या अजून आठव्याच होत्या. युरोपच्या गाण्यांच्या स्पर्धेत माल्टाच्या या धाकट्या बेटावरून तोवर दुसरं कुणी गेलंच नव्हतं. त्यामुळे गावच्या सणाला चर्चमधल्या पहिल्या बाकाची कडेची जागा त्यांची, लग्नात केक कापला की गाणं त्यांचं, आणि माझ्या औषधाच्या दुकानात रांग कितीही असो, घशाच्या गोळ्या आधी त्यांना.

त्या वर्षी माल्टातली निवडफेरी इलेनियाने जिंकली. वय एकोणीस. राहणार आमच्याच गावात, आणि गाणं शिकली मिस डॉरिसकडेच, चांगली सात वर्षं. निकाल लागला तेव्हा मी बाईंच्या शेजारी बसलो होतो. टाळ्या त्यांनीही वाजवल्या, पण आवाज होणार नाही अशा.

"छान गायली पोरगी," मी म्हटलं.

"फ्रॉक छान होता."

"पहिल्या पाचात येईल म्हणतायत."

"म्हणू देत. आठवं येणं म्हणजे काय चीजच्या पास्तिझ्झी भाजणं वाटलं का रे, विस्तिन?"

मग टीव्हीवाल्यांनी परीक्षक नेमले, सोळा. आठ गाण्यातले, आठ साधे. गाण्यातल्यांत मिस डॉरिस, साध्यांत मी. स्वतःच्या देशाला गुण देता येत नाहीत. बाकी प्रत्येक गाण्याला दहापैकी आकडा लिहायचा. सगळ्यांची बेरीज होऊन वरच्या दहा देशांना माल्टाचे गुण जायचे, उरलेल्यांना शून्य.

स्पर्धा सुरू व्हायच्या आधी बाईंनी मला टीव्ही केंद्रातल्या कॉफीच्या यंत्राजवळ गाठलं.

"सायप्रस आपल्याला दरवर्षी देतं ना?"

"देतं. आपणही देतो त्यांना."

"आपण हात आखडला तर?"

"तर काय?"

"तर तेही आखडतील. आपले गुण तिसरे जाहीर होणार, त्यांचे पंधरावे. आपलं शून्य ऐकून ते काय गप्प बसतील?"

हा हिशोब अस्सल गोझोचा. आमच्याकडे सणाला शेजारणीने बदामाच्या केकची बशी पाठवली तर ती रिकामी परत जात नाही. आणि नाही पाठवली, तर पुढच्या सणाला तिच्या घरी कुणी बशी पाठवत नाही. घोळ एवढाच, की युरोपात सगळ्या देशांचे कागद पहिला आकडा जाहीर व्हायच्या आधीच बंद होतात. सूचनांच्या कागदावर तसं लिहिलं होतं. मी तो वाचला होता. बाईंनी वाचला नव्हता. आठव्या आलेल्या बाईला कोण सूचना देणार? मी बोललो का नाही, असं विचाराल, तर मला पुढे काय होतं ते बघायचं होतं.

पडद्यावर सायप्रसची मुलगी गायला उभी राहिली. पहिल्या कडव्याला मिस डॉरिसनी उसासा टाकला. दुसऱ्याला पर्स उघडून गोळी काढली. वरच्या सुराला डोळे मिटले आणि "च्च" केलं. एवढंच. चौदा पेन्सिली एकदम कंजूष झाल्या. मी आठ दिले, पण माझ्या आठांना कोण विचारतो!

माल्टाचे गुण जाहीर झाले. सायप्रसचं नाव त्यात नव्हतं. बाई खुर्चीत ऐसपैस बसल्या.

पंधरावा देश आला, सायप्रस. "माल्टा, दहा गुण!"

"असे कसे?" बाई म्हणाल्या. "ऐकलं नाही का त्यांनी?"

शेवटी माल्टा सातवं आणि सायप्रस आठवं, तीन गुणांनी मागे. नेहमीसारखे पाच-सहा आपण दिले असते, तर इलेनिया आठवी झाली असती. आठव्या दोघी. एका बाकावर दोन जणी बसल्या असत्या.

दोन दिवसांनी फेरीबोट धक्क्याला लागली. बँड, झेंडे, निम्मं बेट तिथे. इलेनिया उतरली ती थेट मिस डॉरिसच्या गळ्यात.

"मिस! ती सायप्रसची किती रडली हो. म्हणाली, तुम्ही कधी आम्हाला शून्य देत नाही. मी तेव्हाच ओळखलं, त्या खोलीत माझं कुणीतरी आहे म्हणून. तुम्हीच ना?"

आजूबाजूच्यांनी माना वळवल्या. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बँडकडे पाहिलं.

"मग काय," बाई म्हणाल्या. "मी नाही तर कोण?"

लोकांनी दोघींना एकदमच खांद्यावर घेतलं. इलेनिया हसत होती. बाईंचा चेहरा दाढ काढून आलेल्या माणसासारखा होता.

परतताना त्या माझ्या गाडीत बसल्या. गाडी चर्चपाशी आली. मग म्हणाल्या, "आमच्या वेळी देश किती होते रे?"

"अठरा."

"आणि आता?"

"तेवीस."

"मग अठरातलं आठवं आणि तेविसातलं सातवं, यात मोठं कुठलं? नीट हिशोब कर."

मी केला. तोही त्यांच्या विरुद्धच जात होता.

"गाडी चालवताना मला आकडे जमत नाहीत, मिस," मी म्हटलं.

"थांबव मग गाडी," त्या म्हणाल्या.