सर्व्हिस बॅड

दोनशे चार नंबरच्या खोलीत अनीश नावाचे गृहस्थ गुरुवारी संध्याकाळी उतरले आणि मल्लिनाथच्या डोक्याला जो ताप सुरू झाला, तो रविवार उजाडला तरी उतरला नव्हता.

मल्लिनाथ सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या सिद्रामप्पांच्या हॉटेलचा मॅनेजर. मजले तीन, खोल्या अठ्ठावीस, लिफ्ट एक आणि तीही मनात आलं तर चालणारी. बावीस वर्षं तो त्या काउंटरमागे उभा होता. भांडणारी गिऱ्हाइकं त्यानं पाहिली होती, खोलीत स्टोव्ह पेटवून भात शिजवणारी पाहिली होती, चादर बॅगेत घालून नेणारी तर दर महिन्याला पाहत होता. पण गोड बोलून आपल्या चुका गोळा करत फिरणारा माणूस त्याच्या वाट्याला पहिल्यांदाच आला होता.

अनीश ठाण्याहून मावसभावाच्या लग्नाला आलेला. गुरुवारी आल्या आल्या त्याच्या चहात साखर जास्त पडली. दुसरा कुणी असता तर दुसरा चहा मागवून मोकळा झाला असता. यानं कपाचा फोटो काढला, खाली आला आणि अगदी नम्रपणे विचारलं, "याचं तुम्ही काय देणार?"

"दुसरा चहा देतो की साहेब."

"तो तर द्यालच. ते करेक्शन झालं. कॉम्पेन्सेशन काय?"

मल्लिनाथनं दुसऱ्या दिवशीचा नाश्ता फुकट दिला. तासाभरानं टीव्हीच्या रिमोटचा सेल संपलेला निघाला, त्याबद्दल रविवारी खोली उशिरा सोडायची सवलत दिली. मग जेवणात शेंगाचटणी तिखट निघाली. सोलापुरात येऊन चटणी तिखट लागली म्हणून भरपाई मागणारा माणूस! मल्लिनाथनं दात-ओठ खाल्ले आणि त्याच चटणीचे दोन पुडे भेट दिले. आणि ते त्यानं घेतले!

मल्लिनाथ एवढं नमतं घेत होता ते ताऱ्यांपायी. इंटरनेटवर हॉटेलला चार तारे होते, नेमके चार. चाराच्या खाली घसरलं की बुकिंगवाली कंपनी हॉटेल शेवटच्या पानावर ढकलते, असं कुणीतरी मालकांच्या मनात भरवलं होतं. चौऱ्याहत्तर वर्षांचे सिद्रामप्पा हल्ली देवपूजा आटोपली की आधी तारे मोजायचे, मग चहा घ्यायचे.

चूक झाली की ती दुरुस्त करावी, हात जोडावेत, पुढं चालावं, एवढंच मल्लिनाथला ठाऊक होतं. दाढी करताना न्हाव्याचा वस्तरा लागला तर तो तुरटी लावतो, आपण 'असू दे' म्हणतो. त्याच्याकडून पुढच्या दोन दाढ्या फुकट करून घेत नाही. मग हॉटेलच्या दारातून आत आलं की माणसाला नेमकं काय होतं?

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता सिद्रामप्पांचा फोन आला.

"मल्लिनाथ, दोनशे चारला दोन दिवस कुणी गेलं नाही म्हणे! ना टॉवेल, ना पाणी, ना झाडू. कंपनीकडे तक्रार गेलीय, फोटो आणि विकत घेतलेल्या टॉवेलांच्या बिलासकट. त्या मजल्यावर कोण आहे?"

"ईरम्मा, मालक. पण..."

"काढून टाक. आजच्या आज. त्या गेस्टला नुसते पैसे नकोत म्हणे, कारवाई पाहिजे. तसं लेखी दे आणि बारा वाजायच्या आत तक्रार मागं घ्यायला लाव."

फोन बंद झाला. मल्लिनाथच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मालकावर चिडता येत नव्हतं, गेस्टवर चिडता येत नव्हतं, म्हणून जिच्यावर चिडता येत होतं तिला त्यानं हाक मारली.

ईरम्मा अक्कलकोटकडची. सतरा वर्षं दुसरा मजला एकटी सांभाळायची. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा आणि तिच्या येण्याची वर्दी तोच द्यायचा. ती खाली आली तेव्हा अनीश नेमका सोफ्यावर बसला होता, मांडीवर फोन, शेजारी बॅगा.

"दोनशे चारमध्ये दोन दिवस पाय ठेवला नाहीस? झोपा काढत होतीस का?" मल्लिनाथ ओरडला. इतका, की बाहेर रिक्षात बसलेल्या माणसानं मान वळवली.

"न्हाय अण्णा, ते सायबच..."

"साहेबांवर ढकलू नकोस! किल्ल्या दे. तुझं काम संपलं."

तिनं जुडगा सोडला, काउंटरवर ठेवला आणि वर गेली. किल्ल्यांचा आवाज नसलेली तिची पावलं मल्लिनाथनं पहिल्यांदाच ऐकली. त्याला बरं वाटलं नाही.

"गुड," अनीश म्हणाला. "आता एवढं लेटरहेडवर द्या. आणि हे बघा." त्यानं बिलं पुढं केली. पाण्याच्या बाटल्यांची चार, टॉवेलांचं एक. टॉवेल अर्धा डझन, नक्षीचे, गिफ्ट पॅकिंगसकट.

"हे सहाही तुम्ही अंग पुसायला घेतले?"

"नाइलाजानं."

"साहेब, दोन दिवस पाणी नाही, टॉवेल नाही, तर खाली एक फोन का नाही केलात? मी इथंच होतो की!"

"मी का करायचा? सांगितल्यावर कुणीही देईल. न सांगता किती वेळ लागतो ते मी बघत होतो." त्यानं फोनमधले फोटो दाखवले. शुक्रवार सकाळ, शुक्रवार संध्याकाळ, शनिवार सकाळ. तोच ओला टॉवेल, त्याच रिकाम्या बाटल्या. माणूस तहान लागली तर पाणी मागतो. यानं तहानेचा पुरावा गोळा केला होता. मल्लिनाथनं मनातल्या मनात हात टेकले.

लेटरहेड कपड्यांच्या खोलीतल्या कपाटात होतं. तो कागद आणायला वर गेला तर ईरम्मा तिथंच खाली बसलेली, डबा पिशवीत भरत होती. डोळे लाल. तिच्या मागच्या फळीवर चार टॉवेल घडी घालून ठेवलेले, बाजूला पाण्याच्या चार बाटल्या, दोन साबण, आणि फळीच्या कडेला खडूनं लिहिलेलं, २०४.

"हे काय?"

"त्येंचंच हाय. दोन दिसाचं. दुसऱ्या खोलीत घातलं न्हाय म्या, येगळं ठिवलं. उद्या इचारलं तर?"

"अगं, मग दिलं का नाहीस?"

"ते नगं म्हनले की!"

"कोण नको म्हणालं?"

"त्येच सायब! शुक्रवारी टावेल द्याया गेले, तर टावेलाचा येक दोरा लोंबत व्हता. लई चिडले. बोट नाचवून म्हनले, सर्विस ब्याड. म्या म्हनलं, ब्याड? तर मोठ्यानं म्हनले, हां, ब्याड! एकदम ब्याड! आन् दार लावून घेतलं. आता ब्याड म्हनल्यावर म्या कशाला जाऊ?"

मल्लिनाथ लेटरहेड हातात धरून तसाच उभा राहिला. त्याच्या घरीही कानडीच बोलत. ब्याड म्हणजे नको. भात वाढताना ब्याड, चहा विचारला की ब्याड, लग्नाला स्थळ सांगून आलं तरी ब्याड. लहानपणापासून दिवसातून पन्नास वेळा ऐकलेला शब्द. ठाण्याच्या माणसानं इंग्रजीत शिवी हासडली होती आणि अक्कलकोटच्या बाईनं कानडीत तिचा मान राखला होता.

"एकदा नीट विचारायचं तरी, की असं का म्हणता म्हणून!"

ईरम्मानं भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर कागद चिकटवलेला होता. 'गेस्ट बोलले की हो साहेब म्हणणे. उलट प्रश्न विचारू नये.' अक्षर मल्लिनाथचं. मागच्या वर्षी ईरम्मानं कुणाला तरी तीनदा 'काय म्हनलाव?' विचारलं म्हणून त्या माणसानं तारा कमी केला होता, तेव्हा मल्लिनाथनं तावातावानं लिहून लावलेला. तिला अक्षरं वाचता येत होती, आणि वाचलेलं ती पाळतही होती. मल्लिनाथला स्वतःची लाज वाटली. सतरा वर्षं काम केलेल्या बाईला त्यानं 'न्हाय अण्णा'च्या पुढं बोलूच दिलं नव्हतं.

तो लेटरहेड तिथंच ठेवून खाली आला.

"झालं लिहून?" अनीशनं विचारलं.

मल्लिनाथनं सगळं सांगितलं. अनीशनं ऐकून घेतलं, खांदे उडवले. "हा तुमचा अंतर्गत प्रश्न आहे. तुमच्या स्टाफला भाषा कळत नाही त्याचा त्रास मी का सोसायचा?"

हे बोलणं अगदीच खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मल्लिनाथ जास्त चिडला. दोन दिवस पाणी-टॉवेल न मिळणं ही चूकच होती, चहातल्या साखरेसारखी थोडीच! त्यानं हात जोडले. "त्रास झाला, तो आमच्यामुळं. माफी मागतो. पण एक विचारू? काल लग्नात काय काय चुकलं?"

"म्हणजे?"

"वरात वेळेवर आली?"

"दीड तास उशीर. आणि आमटी खारट होती," अनीश म्हणाला. तक्रारीचा विषय निघाला की त्याला राहवत नसे.

"मग नवऱ्या मुलाच्या बापाकडं काय मागितलंत?"

"ती घरची माणसं आहेत."

"आणि ईरम्माचं घर नाही होय? तिला काढायचं लेखी मागताय तुम्ही. टॉवेलाच्या दोऱ्यासाठी!"

"आवाज खाली ठेवा. मालकांशी बोलू का मी?"

"तुम्ही कशाला? मीच बोलतो." मल्लिनाथनं फोन लावला आणि स्पीकर सुरू करून काउंटरवर ठेवला. हे आपण काय करतोय हे त्याला धड कळत नव्हतं. पण आपली नोकरी जाणार असेल तर निदान ती ओरडून जावी, असं काहीसं त्याच्या मनात होतं.

"झालं का काम?" सिद्रामप्पांनी विचारलं.

"मालक, आधी एक सांगा. शुक्रवारी सकाळी गेस्टनं ईरम्माला तोंडावर सांगितलं, सर्विस ब्याड."

"ब्याड?"

"हो. तिनं परत विचारलं, तरी म्हणाले, एकदम ब्याड. अशा वेळी तिनं काय करायचं?"

"करायचं काय त्यात?" पलीकडून सिद्रामप्पा वैतागले. "ब्याड अंद्र बिडबेकु! नको म्हणतोय तर सोडून द्यायचं. बळंच खोलीत शिरायचं का गेस्टच्या?"

"तिनं तेच केलं, मालक."

अनीश कधी फोनकडे, कधी मल्लिनाथकडे बघत होता. "मी बॅड म्हणालो! इंग्लिश बॅड! वाईट!"

"कोण बोलतंय?" सिद्रामप्पांनी विचारलं. मग हळूहळू त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला असावा, कारण आधी खोकल्यासारखा आवाज आला आणि मग ते हसत सुटले. चांगलं अर्धं मिनिट हसले. "मल्लिनाथ, त्या पाव्हण्याला एका दिवसाचं भाडं सोड. टॉवेलचे पैसे देऊ नकोस, टॉवेल त्याच्याकडंच आहेत. आणि ईरम्मा कुठं आहे?"

"तिच्या किल्ल्या मी काढून घेतल्या, मालक."

"मग दे की परत! तीच चूक मी केली, मला कोण काढणार?"

अनीशनं एका दिवसाची सूट घेतली, सही केली, चटणीचे पुडे आठवणीनं बॅगेत घातले. रिक्षा सात रस्त्याच्या चौकाकडे वळायच्या आत त्याचा अभिप्राय आला. दोन तारे. 'स्टाफला साधी भाषा कळत नाही.' चाराचे तीन पूर्णांक नऊ झाले. उद्या देवपूजेनंतर मालक काय बोलतील ते बोलतील, मल्लिनाथनं फोन उलटा करून ठेवला.

मग तो किल्ल्यांचा जुडगा घेऊन वर गेला. लिफ्टनं नाही, जिन्यानं, कारण लिफ्टच्या मनात आलं नव्हतं. ईरम्मा पिशवी मांडीवर घेऊन बसूनच होती. आधी त्यानं भिंतीवरचा कागद फाडला. मग जुडगा तिच्यापुढं धरला.

"घे. मालकांनी ठेवलंय तुला. माझं चुकलं, ईरम्मा. सगळ्यांसमोर बोललो, तुला बोलू दिलं नाही." चार दिवस ज्या शब्दानं त्याचं डोकं उठवलं होतं, तोच आता त्याच्या जिभेवर आला. "त्याची भरपाई म्हणून, उद्या-परवा सुट्टी घे. भरपगारी. गावाकडं जाऊन ये."

ईरम्मानं किल्ल्या घेतल्या. एकेक करून मोजल्या, पदरानं पुसल्या, कमरेला खोचल्या. मग फळीवरचे टॉवेल उचलून खांद्यावर टाकले.

"ब्याड," ती म्हणाली.

मल्लिनाथ मान डोलावून निघालाच होता. दारात थांबला. आता तरी विचारून घ्यावं, असं त्याला वाटलं.

"ब्याड म्हणजे, सुट्टी नको? का मी वागलो ते वाईट?"

"दोनी की," ईरम्मा म्हणाली आणि किल्ल्या वाजवत दोनशे चार झाडायला गेली.