माझ्या पोटातला लांडगा

एक होता वादक, एक त्याची बायको, एक त्यांची लेक आणि चौथा मी. मी डबल बेस बोलतोय. व्हायोलिनचा थोरला भाऊ म्हणा, नाहीतर कपाट म्हणा. माणसाहून उंच, जिन्यात हमखास अडकणारा, वाद्यवृंदात कायम शेवटच्या रांगेत. पाचवा एक होता. त्याच्याकडे येतोच. त्याच्यासाठीच तर तोंड उघडलंय.

मला घडवलं एका म्हाताऱ्या सुतारानं. तारा चढवल्या, गज फिरवला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. सगळे सूर मधासारखे. पण खालचा एफ नावाचा सूर लावला, की मी गुरगुरायचो. सूर थरथरायचा, फाटायचा, जनावर अंगावर आल्यागत. वादक लोक या खोडीला लांडगा म्हणतात. बहुतेक मोठ्या वाद्यांत तो थोडाफार असतोच. माझ्यात चांगला धष्टपुष्ट होता.

"ह्याला कोण पदरात घेणार?" म्हातारा म्हणाला.

घेतलं वादकानं. पाठीवर घालून, चार मजले चढवून घरी आणलं. नवी नवरी दारातच उभी.

"अगंबाई! मला वाटलं, कपाट आणलंत."

"डबल बेस आहे."

"मग कपडे कशात ठेवायचे? ह्याच्या पोटात?"

अशी तिची माझी ओळख. पण मनाची चांगली. दर आठवड्याला माझी धूळ पुसायची ती तीच, मऊ फडक्यानं, नवऱ्याच्या नावानं बडबडत.

वादक दिवसभर तालमीत, संध्याकाळी कार्यक्रमात. सकाळी मात्र खिडकीशी मला उभं करून तो स्वतःची रचना करायचा. दोन ओळी वाजवायच्या, पेन्सिल कानामागून काढायची, लिहायचं, खोडायचं. चहा निवून जायचा. बोटं त्याची मोठी शहाणी. एफ जवळ आला, की उडी मारून पलीकडे. ए, जी आणि एकदम ई. मधली पायरी गाळलेली. मला घाबरून नव्हे हो, माझी अब्रू झाकायला. मी चारचौघांत गुरगुरू नये, म्हणून त्यानं आयुष्यभर एक सूर सोडून संगीत लिहिलं. असा माणूस कुणाला मिळतो?

आता पाचवा. वाद्यवृंदाचा संचालक, काठी हलवणारा. बाराही महिने मखमली कोट, म्हणून मागच्या रांगेत त्याला सगळे मखमल म्हणायचे. वादकानं सहा वर्षं खपून एक मोठी रचना पुरी केली आणि भोळसटासारखी, एकुलती एक प्रत, मखमलच्या हातात दिली.

"साहेब, जरा नजरेखालून घाला."

महिन्यानं उत्तर आलं. "चांगली आहे रे, पण कच्ची. असू दे माझ्याकडे."

दीड वर्षानं तीच रचना मखमलच्या नावानं रंगमंचावर आली. आणि वाजवायला कोण? आम्हीच! शेवटच्या रांगेत उभं राहून वादक स्वतःचीच रचना दुसऱ्याच्या नावावर वाजवत होता. त्याची छाती माझ्या पाठीला टेकलेली होती. आत काय चाललं होतं, ते मला ठाऊक.

टाळ्या थांबता थांबेनात. मखमल वाकून वाकून नमस्कार करत होता. त्याच क्षणी मी डूख धरला.

घरी बायको म्हणाली, "जा आणि भांडा!"

"मागच्या रांगेतल्याचं कोण ऐकणार? पुरावा काय आहे माझ्याकडे?"

त्यानं मूग गिळले. पुढे उजवा हात थरथरू लागला, नोकरी सुटली, पेन्सिल सुटली. ती धून घरात कुणी गुणगुणायची नाही, असा दंडक पडला. माझ्या मानेवर छत्री लटकली, खांद्यावर ओले टॉवेल. मखमलच्या मुलाखती मात्र रेडिओवर. "ती जी गाळलेली पायरी आहे ना," तो सांगायचा, "ते आजच्या माणसाचं एकटेपण आहे."

एकटेपण! मेल्या, तो माझा लांडगा आहे! कोपऱ्यात उभ्या उभ्या मला इतका संताप यायचा, की एकदा एक तार आपोआप तुटली.

अकरा वर्षं गेली. लेक मोठी झाली. बापानं पूर्वी लिहिलेल्या धड्यांच्या वहीवरून ती माझ्यावर शिकली. मग त्याच वाद्यवृंदात जागा निघाली आणि चाचणीला रचना लावली होती ती नेमकी तीच. तिनं चार ओळी वाजवल्या आणि गज थांबवला.

"आई, यात बोटं एफवर जातच नाहीत. बाबांच्या वहीसारखीच. आपल्याकडे हा गुरगुरतो, म्हणून सोडतात. मखमल साहेबांनी कशाला सोडला?"

बाप खिडकीकडे तोंड करून बसला. आई मात्र कणीक मळता मळता उठली.

"ह्यांनी गिळले मूग. मी नाही गिळले. ऐक."

चाचणीला तिघं परीक्षक होते. मधे मखमल, एका बाजूला व्हायोलिनच्या मुख्य बाई, दुसऱ्या बाजूला शेवटच्या रांगेतले आमचे जुने शेजारी, सगळ्यांचे काका. लेकीनं सुरेख वाजवलं. मीही जीव ओतला.

मखमल खूश झाला. "छान. फक्त ती गाळलेली पायरी जाणवू दे. ते एकटेपण आहे."

"सर, ती पायरी वाजवून दाखवू?"

"दाखव की."

अकरा वर्षं दाबून ठेवलेलं सगळं मी त्या एका सुरात बाहेर काढलं. असा गुरगुरलो, की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. व्हायोलिनच्या बाई दचकल्या. काका मात्र खुर्चीतून उठलेच.

"अरे, हा तर आपल्या गड्याचा लांडगा! वीस वर्षं शेजारी उभा होतो मी. ह्या सुरापायी तो तालमीत शिव्या खायचा!"

लेकीनं वही पुढे ठेवली. तिच्या सातव्या वर्षापासूनचे धडे, बापाच्या हातच्या तारखांसकट. बाई पानं उलटत राहिल्या.

"एकाही धड्यात एफ नाही. साहेब, तुमच्या बाकीच्या रचनांत तर ढिगानं आहे. याच एकीत एकटेपण कुठून आलं?"

मखमल पाणी प्याला. मग पुन्हा प्याला.

"मूळ कच्चे कागद तर असतीलच तुमच्याकडे," बाई म्हणाल्या. "उद्या आणा."

उद्या गेला, परवा गेला. आठवड्यानं कागद आले, ते त्याच्या कपाटातून, बाईंनी धाडलेल्या शिपायाच्या हातून. पेन्सिलीनं लिहिलेले. अक्षर कुणाचं, ते सांगायला काकांना चष्माही लागला नाही.

लोक म्हणतात, झालं गेलं विसरावं. मला नका शिकवू. मखमल मागच्या दारानं गेला, तेव्हा मी तिथे नव्हतो, याचंच मला वाईट वाटतं. त्याचा कोट दारात अडकून फाटला म्हणे. कोण सांगत होतं, ते आठवत नाही. पण मी रोज ऐकायला तयार आहे.

आता ती रचना वाजते ती वादकाच्या नावानं. छापील कागदावरचं नाव बायकोनं बोट लावून तीनदा वाचलं, मग पहिल्या रांगेत बसून नवऱ्याला कोपरानं ढोसलं. लेक माझ्यासकट शेवटच्या रांगेत. नोकरी पक्की झालीय.

म्हातारा सुतार अजून आहे. परवा आला आणि म्हणाला, "तारेला एक छोटं वजन लावतो. लांडगा जाईल."

"हात लावू नका त्याला," वादक म्हणाला.

छत्री आता दाराच्या खुंटीवर असते. वादक सांगतो, लेक लिहिते, दोघं भांडतात, चहा निवतो. तेव्हा एवढंच मागणं आहे, माझ्यात काही दुरुस्त करू नका. नव्या रचनेची पहिली ओळ काल पुरी झाली. पहिलाच सूर एफ आहे.