शिवणीच्या स्की

इलाही मिस्त्रींच्या उजव्या अंगावरून वारं गेलं त्याला दीड वर्ष झालं होतं. पौडच्या बाजारामागं त्यांचं घर. पुढच्या पडवीत ते सुतारकाम करायचे, आता तिथंच त्यांची खाट होती. वाचा गेली, एकच शब्द उरला, "न्हाई." चहा हवा असला तरी "न्हाई", नको असला तरी "न्हाई". कुठल्या वेळी काय म्हणायचंय, ते त्यांच्या मुलीला, साजिदाला तेवढं कळायचं.

साजिदा सव्वीस वर्षांची. अब्बांना दवाखान्यातून घरी आणलं आणि त्याच महिन्यात तिनं हिंजवडीतली नोकरी सोडली. थोरला भाऊ अतीक जांब्याला भाड्यानं राहायचा, कंपनीत शिफ्ट करायचा, रविवारी फळं घेऊन यायचा. अब्बा साजिदाशिवाय कुणाच्याच हातून घास घेत नसत. अतीकनं चमचा पुढं केला की दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटायचे. शेजारी राहणारी त्यांची चुलत बहीण रहिमतबी, तिनं एकदा भरवायला बघितलं तर डाव्या हातानं वाटी उडवली. त्यामुळं साजिदाला दोन जेवणांच्या मधला वेळ तेवढा मोकळा. पिरंगुटला जाऊन यायचं तरी जीव टांगणीला.

कॉलेजात असताना एनसीसीतून ती हिमाचलात गेली होती. तीन आठवडे बर्फावर स्की शिकली. पडली, गुडघे फोडून घेतले, आणि शेवटच्या दिवशी वरून खालपर्यंत एकदाही न पडता आली. ते पुन्हा कधी झालं नाही. या नोव्हेंबरात तिथूनच मेल आला. फेब्रुवारीत पुढचा अभ्यासक्रम आहे, चौदा दिवसांचा, तुमची निवड झाली आहे.

"चौदा दिवस?" अतीक म्हणाला. "अब्बांना भरवणार कोण?"

"तू ये की राहायला."

"माझ्या हातचं खातात का? तूच सांग."

अतीक गेल्यावर ती पडवीत आली. कोपऱ्यात अब्बांनी कुणाच्या तरी पाळण्यासाठी आणून ठेवलेल्या शिवणीच्या दोन फळ्या होत्या. हलकं लाकूड. दुसऱ्या दिवशी तिनं त्या बाहेर ओढल्या, फोनवर व्हिडिओ लावला आणि रंधा हातात घेतला. पौडात बर्फ कुठून येणार, हा प्रश्न तिनं स्वतःला विचारला नाही. हाताला काहीतरी हवं होतं.

"न्हाई! न्हाई!" अब्बा खाट थोपटायला लागले. ती उलट्या रेषेनं रंधा मारत होती, लाकडाचे टवके निघत होते. तिनं फळी फिरवली. रंध्यातून लांब, पातळ छिलका सुटला तेव्हा कुठं ते गप्प झाले.

मग रोजचंच झालं. सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण यांच्यामध्ये दोघं कामाला लागायची. अब्बा डाव्या हातानं दाखवायचे, ती करायची. फळी मधे जाड, टोकांकडं पातळ. दोन्ही अंगांना बांबूच्या कामट्या चिकटवल्या, चिवट व्हाव्यात म्हणून. पुढचं टोक वर वळवायचं तर लाकूड उकळायला हवं. मागच्या अंगणात चुलीवर मोठी देग चढवली, अब्बांची खुर्चीही तिथंच नेली. पहिलं टोक तिनं घाईनं काढून वाकवलं आणि ते काडकन मोडलं. साजिदानं तुकडा चुलीकडं भिरकावला. अब्बांनी मात्र हात उचलून पाच बोटं दाखवली, मिटली, पुन्हा दाखवली. अजून थांब. अजून.

मोडलेला भाग कापून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. यावेळी लाकूड मऊ होऊन वाकलं. वाकलेलं टोक शिकंज्यात धरलं आणि त्याचा दांडा अब्बांनी स्वतः, डाव्या हातानं आवळला. त्यांचं अर्धं तोंड हसलं. दीड वर्षात ते पहिल्यांदा हसत होते.

खाली सनमायकाची पट्टी, तिच्यावर मेण. बूट अडकवायला पट्टे. डिसेंबरच्या एका रविवारी अतीकनं दोघांना गाडीत घातलं आणि कोळवणच्या बाजूच्या एका बोडक्या टेकडीखाली आणलं. उतारावरचं गवत वाळून पिवळं पडलेलं, पायाखालून सटकणारं. अब्बा गाडीशेजारी खुर्चीत बसले. साजिदा स्की खांद्यावर टाकून चढली.

पहिल्यांदा चार हात जाऊन आपटली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा गुडघे वाकवून, अंग पुढं झोकून सुटली तेव्हा गवत सरसरत मागं पळायला लागलं. तिनं एक वळण घेतलं, मग दुसरं. कानात वारा भरला. त्या दहा-बारा सेकंदांत तिला जेवणाची वेळ आठवली नाही.

ती धापा टाकत खुर्चीपाशी आली. "अब्बा, चालतंय! बघितलं ना? आता फेब्रुवारीत जाते मी."

अब्बांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच थिजलं. "न्हाई." त्यांनी टेकडीकडं बोट केलं, मग स्कींकडं, मग ती उभी होती त्या जमिनीकडं. पुन्हा टेकडी, स्की, जमीन.

"काय म्हणतायत?" अतीकनं विचारलं.

"हितंच खेळ म्हणतायत," साजिदा म्हणाली.

महिनाभर त्यांनी एवढ्या जिव्हाळ्यानं का शिकवलं, ते तिला आता समजलं. तिला राग आला, आणि त्या रागाची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी ती रहिमतबीकडं गेली. "फुफू, आजपास्नं दुपारचं तुमी भरवा. मी मागच्या खोलीत बसते."

"वाटी उडवल त्यो."

"उडवली तर दुसरी घ्या. रात्रीचं मी भरवीन."

पहिल्या दुपारी भांडं आदळल्याचा आवाज आला. दुसऱ्या दुपारी भात जमिनीवर. तिसऱ्या दुपारी "न्हाई, न्हाई" असं इतकं केविलवाणं ऐकू आलं की साजिदानं उठून दाराची कडी आतून लावली, स्वतःलाच अडवायला. चौथ्या दिवशी बराच वेळ काही आवाज नाही. मग चमचा वाटीवर घासला. एकदा, दोनदा. रहिमतबी म्हणाली, "अस्सं. हं, आता आणखी येक." साजिदा ओढणीत तोंड खुपसून रडली. जिंकल्यासारखं तिला काहीच वाटलं नाही.

अब्बा आठवडाभर तिच्याकडं बघत नव्हते. तिनं येते म्हणून मेल पाठवून दिला. अतीकनं कुरकुरत रजा काढली.

ती गेली आणि चौदा दिवसांनी परत आली. ओठ फुटलेले, नाक उन्हानं सोललेलं. पडवीत अतीक अब्बांची दाढी करत होता आणि मान कुठं वळवायची यावरून दोघांची जुंपली होती. अब्बा वाळले होते. साजिदाला बघून त्यांनी डावा हात पुढं केला, तिचं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं.

"बरं झालं आलीस," अतीक वस्तरा पुसत म्हणाला. "उद्या सकाळची शिफ्ट हाय माझी. मी निघतो."

गाडी वळणापलीकडं गेली. अब्बांनी मनगट सोडलं नव्हतं. तिनं त्यांची बोटं एकेक करून सोडवली आणि भात टाकायला आत गेली.