पर्सचं अस्तर

सकाळचे अकरा वाजले होते. आमच्या इमारतीच्या आवारात पन्नास-साठ माणसं जमली होती आणि सगळी माझ्या बायकोच्या गाडीकडे बघत होती.

गाडी बंद होती. आत कोणी नव्हतं. किल्ली वर घरात खिळ्याला टांगलेली. तरी आधी डावीकडचा दिवा लुकलुकला, मग उजवीकडचा. वायपर काचेवरून एकदाच फिरला. आणि मग हॉर्न वाजला. नेहमीसारखा नाही, कण्हल्यासारखा.

"ऐकलंत?" मागून कोणीतरी म्हणालं. "बोलली!"

बायकांनी हात जोडले. एकाने मोबाइल वर धरला. तळमजल्यावरचे किराणावाले काका फुलांची पिशवी घेऊनच आले होते. त्यांनी बॉनेटवर, काचेच्या कडेला, मूठभर फुलं वाहिली. मी बादली हातात घेऊन तसाच उभा होतो.

ती जाऊन तेव्हा पंचवीस दिवस झाले होते.

मी शिंपी आहे. मला गाडी चालवता येत नाही. ती मात्र वेगाची वेडी. पन्नाशी उलटल्यावर तिने साठवलेल्या पैशांतून ही गाडी घेतली. बसकी, रुंद, चार सेकंदांत शंभरचा वेग गाठणारी. उंचीने ती जेमतेम पाच फूट. सीट पार पुढे ओढून, पाठीला उशी लावून बसायची. मी शेजारी दाराची कडी धरून. "अहो, कडी तुटेल," ती हसायची. पाच महिने आजारी होती. तेवढ्या काळात मी डॉक्टरांना शंभर प्रश्न विचारले असतील. मला उत्तरंही कळली नाहीत आणि ती वाचलीही नाही.

ती गेल्यावर मला करण्यासारखं काही उरलं नाही. म्हणून मी रोज सकाळी तिची गाडी धुवायला लागलो. दोन बादल्या पाणी, मऊ फडकं. आठवड्याभरात गाडीचे दिवे आपोआप लुकलुकायला लागले.

माझ्या मेहुण्याने, म्हणजे तिच्या धाकट्या भावाने, एका महाराजांना आणलं. ते सारखे लहरींबद्दल बोलायचे म्हणून लोक त्यांना लहरीमहाराज म्हणत. अंगात पांढरा सदरा, पायात भारी बूट. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि बोटांवर हिशेब केला.

"बॅटरी किती व्होल्टची?"

"बाराची," मेहुणा म्हणाला.

"आणि राशी किती?"

"बारा."

"मग?" महाराजांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "आत्म्याच्या लहरी आणि विजेच्या लहरी एकाच घराण्यातल्या. ज्या वस्तूवर जीव जडला, तिच्या वायरिंगमध्ये जीव शिरतो. पंख्यात शिरतो, फ्रीजमध्ये शिरतो. ही तर एवढी महागडी गाडी! तिने रोज हातात धरलेली एखादी वस्तू आणा."

मी तिची पर्स आणून दिली. मीच शिवलेली. ती गेल्यापासून मी ती उघडली नव्हती. हिंमत झाली नव्हती.

महाराज पर्स छातीशी धरून गाडीजवळ गेले आणि गाडी जागी झाली. पुढचे दिवे फुलासारखे उमलले. मिटलेले आरसे उघडले. दारांच्या कड्या बाहेर आल्या. आणि आतली ड्रायव्हरची सीट आपोआप पुढे सरकली. पार पुढे, तिच्या जागेवर.

मी खाली बसलो.

एक गोष्ट मात्र मी पाहिली होती. सीट हलली तेव्हा महाराज दचकून दोन पावलं मागे सरले होते. मग डोळे मिटून म्हणाले, "आली."

पर्स ते साधनेसाठी घेऊन गेले. नंतर येत तेव्हा ती त्यांच्या काखेतच असे. प्रत्येक वेळी गाडी त्यांचं स्वागत करायची. "रोज दोनदा स्नान घाला तिला," त्यांनी मला बजावलं. मी दोनदा घालायला लागलो. गाडी जास्त बोलायला लागली. एक दिवस मला ताप होता, धुणं राहिलं. त्या दिवशी गाडी गप्प. मेहुणा रडवेला होऊन म्हणाला, "भावजी, ताई रुसली."

मग महाराजांनी निकाल दिला. ती गाडीत अडकली आहे. गाडी आश्रमात आणून ठेवली तरच सुटेल. येत्या रविवारी, अकरा वाजता.

मला सुचेना. गाडी ठेवावी तर तिचे हाल. द्यावी तर ती दुसऱ्यांदा गेली. मी मान हलवली. नाही म्हणायलाही बळ लागतं.

शनिवारी लेक आली. ती दुसऱ्या गावी असते. आईला दवाखान्यात नेताना ही गाडी शेवटची तिनेच चालवली होती.

"बाबा, दिवे, आरसे, सीट हे सगळं किल्लीमुळे होतं. किल्ली जवळ आली की गाडी ओळखते. आईच्या किल्लीने सीट पुढे जाते, खिळ्यावरच्या दुसऱ्या किल्लीने मागे, माझ्या जागेवर. आईची किल्ली कुठे आहे?"

"दवाखान्याच्या धावपळीत हरवली."

"हरवली, की आपण शोधलीच नाही?"

मी खिळ्यावरच्या किल्लीकडे पाहिलं.

रविवारी तिने एका बाईंना आणलं. गाड्यांचं वायरिंग दुरुस्त करणाऱ्या. सगळे त्यांना तारवाल्या बाई म्हणतात. चाळिशीच्या, हातात गाडीतले बिघाड वाचणारं एक यंत्र, खांद्यावर हत्यारांची पिशवी. आवार भरलं होतं. महाराज अजून यायचे होते.

लेकीने खिळ्यावरच्या किल्लीने गाडी उघडून दिली, किल्ली परत वर टांगून आली आणि बाईंनी यंत्र गाडीला जोडलं. पडदाभर ओळी आल्या.

"तेवीस तक्रारी," त्या म्हणाल्या. "दिव्याची, वायपरची, हॉर्नची, खिडकीची. एकाच वेळी तेवीस भाग बिघडत नाहीत हो. या सगळ्यांचं मूळ एक असतं. गाडी बोलते कधी?"

"धुतल्यावर तासा-दोन तासांनी," मी म्हणालो.

"आणि न धुतल्यावर?"

"नाही बोलत."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग बॉनेट उघडलं. काचेखालच्या पन्हळीत हात घातला आणि काळा, कुजका लगदा बाहेर काढला. तळाशी पानं होती, वर फुलंच फुलं.

"काचेवरचं पाणी इथून खाली वाहून जायला हवं. वाट पानांनी बुजली होती, उरलीसुरली तुमच्या फुलांनी बुजवली. मग पाणी गेलं आत." त्यांनी शेजारच्या सीटपुढची चटई उचलली. खाली तळं होतं. तळ्यात हाताएवढा एक डबा, त्याच्या टोकांवर हिरवा गंज. "हा डबा सगळ्यांना हुकूम देतो. दिवा लाव, हॉर्न वाजव. याच्यात ओल शिरली की तो भलतेच हुकूम देतो. बॅटरीही उतरली आहे, त्यामुळे हॉर्न कण्हतो. काका, ही बोलत नव्हती. ही बुडत होती."

मी माझ्या दोन्ही हातांकडे पाहिलं. रोज दोन बादल्या, नंतर चार. तिची आठवण म्हणून मी स्वतःच तिची गाडी बुडवत होतो.

"हे दिव्यांचं झालं," मेहुणा उसळला. "आणि सीट? महाराज आले की ताई स्वागत करते, ते?"

तेवढ्यात महाराज आले. काखेत पर्स. गाडीचे दिवे उमलले. गर्दीने श्वास रोखला.

लेक पुढे झाली. "ती माझ्या आईची पर्स आहे. द्या."

"बेटी, ती आता सिद्ध वस्तू आहे."

"असू दे. आईचीच ना?"

साठ माणसं बघत होती. महाराजांना द्यावी लागली. लेकीने घरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला होता. त्यात पर्स ठेवली, झाकण गच्च लावलं, गाडीचे दिवे मिटेपर्यंत थांबली आणि डबा गाडीजवळ नेला. काही नाही. महाराजांना म्हणाली, "आता तुम्ही जा बरं जवळ, रिकाम्या हाताने."

"परीक्षा आम्ही देत नाही."

"परीक्षा नाही हो, फक्त चार पावलं."

मागून कोणीतरी ढकलल्यासारखं केलं. महाराज चार पावलं गेले. गाडी ठोंब्यासारखी उभी.

मग लेकीने डब्यातून पर्स काढली आणि सरळ किराणावाल्या काकांच्या हातात दिली. "काका, तुम्ही जा."

काका घाबरत घाबरत गेले. दिवे उमलले, आरसे उघडले, दारांच्या कड्या अदबीने बाहेर आल्या.

मग दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "अगंबाई! हिचं आणि याचं तर सहा वर्षं बोलणं नव्हतं! पार्किंगवरून भांडली होती!"

हशा पिकला. काकाही हसले. मी पर्स मागून घेतली.

आत मी तिला किल्लीसाठी एक कप्पा शिवून दिला होता, कारण ती किल्ली सारखी विसरायची. कप्पा रिकामा होता. मग बोटं आपोआप अस्तरावरून फिरली. चाळीस वर्षांची सवय. तळाशी काहीतरी कठीण लागलं. तिथली शिवण उसवून पुन्हा घातली होती. जाड पांढरा धागा, लांब लांब वाकडे टाके.

"हा टाका माझा नाही," मी म्हणालो.

त्या सगळ्या दिवसांत मी खणखणीत आवाजात बोललेलं पहिलं वाक्य ते. मी दाताने धागा तोडला. किल्ली माझ्या तळहातावर पडली. तिची. कडीला तिचाच लाल दोरा. पत्र्याच्या डब्यातून हिचाच इशारा गाडीपर्यंत पोचला नव्हता.

म्हणजे पहिल्या दिवशी महाराज खरोखरच दचकले होते. नंतर त्यांनी पर्स उघडली, किल्ली सापडली. ती माझ्या हातात द्यायची सोडून त्यांनी ती अस्तरात शिवली.

"जिथे श्रद्धा नाही, तिथे आम्ही थांबत नाही," महाराज म्हणाले आणि फाटकाकडे निघाले. अडवलं कोणी नाही. तारवाल्या बाई एवढंच म्हणाल्या, "महाराज, शिवण शिकून घ्या."

मेहुणा मात्र माझ्यासमोर येऊन उभा राहिला. डोळे लाल. "भावजी, तुम्हाला ताई नकोच होती का? कशाला उकरलंत हे सगळं?"

त्याला पाळण्यात तिनेच झुलवलं होतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने झटकला. मी पायरीवर जाऊन बसलो; मग तोही माझ्याशेजारी येऊन बसला.

बाईंनी डबा बदलला, वाट मोकळी केली, गालिचा उन्हात वाळवला. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी खाली गेलो. सवयीने. गाडी गप्प होती. तासभर थांबलो. ती गप्पच राहिली. खरं कळल्यावर बरं वाटतं असं लोक म्हणतात. मला वाटलं नाही. मला ती पुन्हा एकदा गेल्यासारखं वाटलं.

तरीही हे लिहितो आहे, त्याचं कारण आहे. ज्याच्या घरातलं माणूस गेलं आहे, त्याला प्रश्न विचारायचं बळ नसतं. त्याला हॉर्नमध्ये हाक ऐकू येते. ती चूक नाही, ते दुःख आहे. पण आवारात साठ माणसं होती आणि त्यांचं कोणी गेलं नव्हतं. त्यांतल्या एकालाही चटई उचलून खाली बघावंसं वाटलं नाही. सगळ्यांनी फुलं वाहिली. तुमच्या शेजारी असं काही घडलं तर हात जोडण्याआधी तेवढं करा. चटई उचला. गाडी कधी बोलते आणि कधी बोलत नाही, एवढं विचारा. त्या माणसाच्या वतीने विचारा, कारण त्याला ते जमणार नाही.

पर्सचं अस्तर मी पुन्हा शिवलं, बारीक टाक्यांनी. कधीकधी किल्ली घेऊन खाली जातो. दिवे लागतात, सीट पुढे सरकते. हे किल्लीमुळे होतं, हे मला माहीत आहे. मी शेजारच्या सीटवर बसतो आणि दाराची कडी धरतो.