दोन झाडांची एक झारी

आता मला सगळे झारी म्हणतात, पण मित्रांनो, आधी मी तेलाचा डबा होते. कन्नडच्या आठवडी बाजारात पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिराने माझे झाकण कापले, पोटाला नळी जोडली, वर जाड तारेची कडी लावली आणि नळीच्या तोंडाशी खिळ्याने भोके पाडली. मला घ्यायला आलेल्या मनकर्णाबाईंनी तिथेच पाणी ओतून पाहिले.

"अशी धार कोवळ्या झाडाला मारल्यावानी लागती," त्या म्हणाल्या. "अजून बारीक भोकं पाडा, भाऊ."

कारागीर हसला आणि त्याने खिळा पुन्हा उचलला.

मनकर्णाबाई आणि त्यांचे यजमान बद्रीनाथ यांनी हर्सूलला, तलावाच्या वरच्या अंगाला, नवे घर बांधले होते. बद्रीनाथ शेंद्र्याच्या एका कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. घराभोवतीची जमीन सगळी मुरमाची. नळाला पाणी आठ-दहा दिवसांतून एकदा. म्हणून दारात शोभेल आणि कमी पाण्यावर जगेल असे झाड हवे होते. ते कोणते, यावरून दोघांचे दोन दिवस वाजले.

"कांचन लावू," बद्रीनाथ म्हणत होते. "तिसऱ्या वर्षी फुलतो. बहाव्याला सहा-सात वर्षं लागतात. मला माझ्या डोळ्यांनी फुलं बघायचीत."

"तुमचा कांचन दिवाळीच्या अंगाला फुलणार. तवा सगळंच हिरवं असतं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "वैशाखात समदं करपतं, तवा बहावा पिवळा होतो. खरी गरज तवाच असती."

शेवटी दोन्ही झाडे आली. फाटकाच्या उजवीकडे कांचन, डावीकडे बहावा. आणि पैज लागली. आठ वर्षांच्या आत बहावा फुलला तर बद्रीनाथांनी उन्हाळाभर सकाळचा चहा करायचा.

"चहा येतो का तुम्हाला?"

"तवर शिकीन की. आठ वर्षं हायेत."

मित्रांनो, दोन्ही झाडांना पाणी मीच घालत असे, म्हणून त्यांचे स्वभाव मला चांगले माहीत आहेत. कांचन भराभर वाढला. त्याची पाने आपट्यासारखी, मधे चिरलेली. फांद्या वाटेल तिकडे जात. बानाबाई शेजारच्या टेकडीवर शेळ्या चारत असत. त्यांच्या शेळ्यांना कांचनचा पाला इतका आवडे की फाटक उघडे दिसले की त्या आत यायच्याच. बहाव्याला मात्र हुंगून पुढे जात. बहावा सरळ, हळू, काहीसा घुमा. एका वर्षात तो वीतभरही वाढला नाही, तेव्हा बद्रीनाथ मनकर्णाबाईंना चिडवत त्याला "तुझा जावई" म्हणू लागले. तिसऱ्या वर्षी कांचन जांभळ्या फुलांनी भरला आणि बद्रीनाथांनी गल्लीतल्या प्रत्येकाला बोलावून दाखवला.

मनकर्णाबाईंची एक रीत होती. मला उचलण्याआधी त्या मातीत दोन पेरे बोट घालत. बोट कोरडे निघाले तरच मला भरत, ओले निघाले तर मला तशीच ठेवत. पहिली दोन वर्षे मला बरेच काम होते. मग ते कमी होत गेले. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात तर मी पायरीखाली रिकामी पडून असे. खरे सांगते, मला त्याचा राग यायचा. झारी भरलेली असावी, असे मला वाटे.

सातव्या वर्षी दसरा झाला आणि मनकर्णाबाईंना दवाखान्यात नेले. नवव्या दिवशी दारात खूप चपला काढलेल्या दिसल्या, तेव्हा मला कळले.

त्यांची राख नदीत सोडायची नाही, असे बद्रीनाथांनी ठरवले. आता पुष्कळ लोक राख झाडाला घालतात. त्यांनी भावाच्या कन्नडच्या शेतातली काळी माती टेम्पोने आणवली. शेतकऱ्याच्या पोराला काळ्या मातीपेक्षा चांगले काय माहीत असणार? त्या मातीत राख मिसळून त्यांनी बहाव्याच्या बुडाशी उंच आळे केले. आणि दुसऱ्या दिवसापासून मला उचलले.

रोज दोन झाऱ्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. नळ येवो न येवो, पिंपातले पाणी आधी बहाव्याला, मग घरात. सकाळचा चहा ते नाक्यावरच्या टपरीवर घेत, पण मला भरल्याशिवाय फाटकाबाहेर पडत नसत. पाणी घालताना ते हळू आवाजात बोलत. आपल्या लेकीचा, अपेक्षाचा फोन आला होता, तब्येत विचारत होती. लाइट बिल भरले. तुझा डबा सापडत नाही, जिऱ्याचा. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी इतकी मानाने कधी वापरली गेले नव्हते. मला फार अभिमान वाटत होता.

पौषात बहाव्याची पाने पिवळी पडू लागली. बद्रीनाथांना वाटले तहान लागली, त्यांनी तिसरी झारी सुरू केली. माघात एका बाजूच्या फांद्या वाळल्या. समोर कांचन, ज्याला चार महिने कोणी थेंब दिला नव्हता, तो मजेत उभा होता.

बानाबाई शेळ्या घेऊन फाटकाशी थांबल्या.

"दादा, झाड बुडवताय तुम्ही. त्याला पाणी लई झालंय."

"तुमच्या शेळ्या सांभाळा बानाबाई. झाडाचं मी बघतो."

"बघताय कुठं? वततायच नुसतं."

बद्रीनाथांनी फाटक लावून घेतले. पण दोन दिवसांनी उरलेल्या बाजूचीही पाने गळू लागली, तेव्हा तेच टेकडीपर्यंत चालत गेले आणि बानाबाईंना घेऊन आले.

"ही काळी माती काढा," बानाबाई म्हणाल्या. "ती पाणी धरून बसती. खालचा मुरूम मोकळा करा. मुळ्यांना वारं लागू द्या."

बद्रीनाथ हलले नाहीत. "त्यात ती हाये," ते म्हणाले.

बानाबाई खाली बसल्या आणि मातीत दोन पेरे बोट घातले. बोट चिखलाने माखून निघाले. त्याला आंबूस वास येत होता.

"मनकर्णाबाई असंच करायची नाय का? असं बोट निघाल्यावर तिनं झारी उचलली असती?"

"नाय," बद्रीनाथ म्हणाले.

त्यांनी फावडे घेतले नाही. दोन्ही हातांनी ती माती काढली, टोपलीत भरली. दुपार झाली. बानाबाई टोपल्या उचलून देत होत्या आणि शेळ्या तोवर निवांत कांचन खात होत्या, कोणी हाकलले नाही. काढलेली माती बद्रीनाथांनी कुंपणाच्या कडेने सगळीकडे पातळ पसरली.

"बरं झालं," बानाबाई हात झटकत म्हणाल्या. "एका कोपऱ्यात दाटीनं बसवली व्हती बाईला. आता समद्या आवारात फिरंल."

चार-पाच महिन्यांत पहिल्यांदा मी बद्रीनाथांना हसताना पाहिले. मग त्यांनी मला खिळ्यावर टांगले आणि मी तिथेच राहिले. तो पूर्ण उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. माझ्या तळाला गंज चढला, नळीत कोळ्याने घर केले. बहाव्याच्या वाळलेल्या बाजूच्या फांद्या कापाव्या लागल्या. बद्रीनाथ रोज येत, मातीत बोट घालत, झाडाशी दोन शब्द बोलत आणि मला हात न लावता परत जात. आधी मला वाटले, मला टाकून दिले. हळूहळू कळले की खिळ्यावर टांगलेली असताना मी जितकी कामाला आले, तितकी भरलेली असताना आले नव्हते.

पैजेचे आठवे वर्ष यंदा संपत होते. वैशाखातल्या एका सकाळी बहाव्याच्या उरलेल्या बाजूला पिवळे घोस लोंबत होते. तीनच, आणि एक तर अगदी आखूड. बद्रीनाथ बराच वेळ खाली उभे राहिले. मग आत गेले. टपरीकडे गेले नाहीत. भांड्यांचा आवाज आला, काहीतरी उतू गेल्याचा वास आला आणि ते दोन कप घेऊन बाहेर आले. शेळ्यांमागून येणाऱ्या बानाबाईंना त्यांनी हाक मारली.

"आज चहा घरी?" बानाबाईंनी घोट घेतला आणि तोंड वाकडे केले. "साखर कुठंय?"

"शिकतोय. उन्हाळाभर करायचाय. हरलो ना मी."

आता या भागात नवी घरे झाली आहेत. कोणते झाड लावू, असे लोक बद्रीनाथांना विचारतात. ते सांगतात, लवकर फुले हवीत तर कांचन लावा, पण शेळ्या सांभाळा. थांबायची तयारी असेल तर बहावा लावा. पाणी दोघांनाही बेताचे.

मित्रांनो, माझे सांगणे एवढेच. ज्याच्यावर जीव आहे, त्याच्यासाठी झारी उचलण्याआधी मातीत दोन पेरे बोट घालून बघा.