मूळ प्रत

ताईने गुडघ्यावरची बर्फाची पिशवी बाजूला ठेवली आणि झेरॉक्सच्या पाठीवर नंबराचा कपडा लावायला घेतला.

"हलू नकोस गं, टोचेल," दातांत टाचणी धरून ती म्हणाली.

खरं तर मॅटवर आज ताईच उतरायची होती. काल सरावात तिचा गुडघा मुरगळला आणि राखीव म्हणून आणलेल्या झेरॉक्सचा नंबर लागला. सरांनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं होतं : ही कुस्ती जिंकलीस तर संघात तुझी जागा पक्की, हरलीस तर पुन्हा ताईला सराव द्यायचा.

झेरॉक्स हे टोपणनाव तिला कॉलेज संपवून राष्ट्रीय शिबिरात आल्यावर चिकटलं. ताईची पुढची कुस्ती जिच्याशी, तिचे व्हिडिओ बघून झेरॉक्स दुसऱ्या दिवशी हुबेहूब ती होऊन उभी राहायची. कुणाची मान ताठ, कुणी चिडली की फुसफुसते, सगळं जसंच्या तसं. या कलेवर ती कितीतरी देश हिंडली, पण मॅटच्या कडेकडेनेच. सगळे हसायचे, तीही हसायची. अलीकडे मात्र तिच्या डोक्यात एक किडा वळवळत होता.

"ताई, मी कशी खेळते?"

"म्हणजे?"

"म्हणजे मी. कुणाची नक्कल करत नसताना."

ताईने शेवटची टाचणी लावली.

"खरं सांगू? तशी मी तुला कधी बघितलीच नाही गं."

झेरॉक्सला ते लागलं. अंग गरम करायच्या निमित्ताने ती उठली आणि सवयीने सभागृहाच्या दुसऱ्या टोकाकडे डोकावली. तिथे तिची आजची प्रतिस्पर्धी सराव करत होती. तिच्यात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, झेरॉक्सने तिला केव्हाच पाठ केलं होतं. नजर अडकली ती तिला सराव देणाऱ्या ठेंगण्या मुलीवर.

मुलीने डावा पाय पुढे टाकला, हनुवटी डाव्या खांद्याला घासली आणि सूर मारल्यासारखी ती पट काढायला, समोरचीचे पाय ओढून तिला पाडायला, झेपावली. प्रतिस्पर्धीने पाय मागे फेकून डाव उधळला. पुन्हा तेच. पाय, हनुवटी, झेप.

ही कुणाची नक्कल? झेरॉक्सने या वजनगटातल्या एकेकीला मनात उभं करून पाहिलं. एकही जुळेना. हे काही तिला चैन पडू देईना. नीट दिसावं म्हणून ती खांबाआडून वाकली. त्यांच्या प्रशिक्षकाच्या मोबाइलवर एक जुनी कुस्ती चालू होती आणि त्यातल्या खेळाडूच्या अंगावर पिवळी पट्टी असलेला निळा पोशाख होता. तो झेरॉक्सच्याच कॉलेजचा पोशाख होता.

आपली हनुवटी आता, या क्षणीही, डाव्या खांद्याला टेकलेली आहे, हे तिच्या लक्षात आलं.

तेवढ्यात ठेंगणीने तिला पाहिलं आणि ती चोरी पकडल्यासारखी ओशाळली. झेरॉक्सला राग यायला हवा होता. तिला इतका आनंद झाला की त्या मुलीला जाऊन मिठी मारावीशी वाटली. काय बेमालूम जमलं होतं बेटीला!

नंबर पुकारला गेला. मॅटच्या मधोमध हात मिळवून झाले, शिट्टी वाजली. झेरॉक्सने डावा पाय पुढे टाकला, हनुवटी खांद्याला घासली, जरा ठसठशीतच घासली, आणि जागची हलली नाही. समोरचीने झटकन पाय मागे फेकले. त्याच क्षणी झेरॉक्सने तिची मान खाली दाबली आणि वळसा घालून पाठीमागून तिच्यावर ताबा घेतला. पंचाने दोन गुणांची दोन बोटं वर केली.

पलीकडच्या कोपऱ्यात ठेंगणी तोंडावर हात ठेवून हसत होती. आपल्या कोपऱ्यातून झेरॉक्सला सरांचा आवाज ऐकू आला.

"ही कोण झाली आता? ही नक्कल कुणाची?"

ताई लंगडत मॅटच्या कडेपर्यंत आली होती. डोळे बारीक करून ती बघत राहिली.

"हिला आपण ओळखत नाही, सर."