उणं मोजणारी पिपेट

नमस्कार मित्रांनो. मी एक थकलेली पिपेट आहे. द्रवाचा थेंबाएवढा भाग मोजून उचलायचा आणि दुसऱ्या भांड्यात सोडायचा, हे माझं काम. दिसायला मी जाड पेनासारखी. वरचं बटण अंगठ्यानं दाबलं की माझ्या पोटातला दट्ट्या खालीवर होतो.

माझं उमेदीचं आयुष्य नागपूरच्या एका प्रयोगशाळेत, डॉ. अमिता ढोके यांच्या हातात गेलं. त्या मूळच्या मध्य प्रदेशातल्या सौसरच्या. वडील, बापूजी, संत्र्याचे बागायतदार. कॅन्सरच्या पेशी अधाशासारखी साखर खातात. ते खाणं कसं थांबवावं, हाच अमिताबाईंचा ध्यास होता.

त्यांनी एक औषध निवडलं. पेशींच्या दोन रांगा मांडल्या. एकीला औषध, दुसरीला नाही. साखरेचं पाणी मात्र दोघींना सारखंच. औषध इकडचं तिकडे लागू नये म्हणून औषधाच्या रांगेला साखर मी वाढायची, दुसरीला दुसरी पिपेट.

एका दुपारी, सकाळपासून उभ्या असलेल्या अमिताबाईंच्या हातून मी निसटले आणि फरशीवर आपटले. त्यांनी मला उचललं, बाहेरून कुठे तडा दिसला नाही, पुसलं आणि जागेवर अडकवलं. आतलं माझं रबर फाटलं होतं, आणि मी दर वेळी थोडं उणं उचलू लागले होते. मला वाचा असती तर!

पुढे औषधाच्या रांगेतल्या पेशी मलूल पडल्या. अमिताबाई हरखल्या. शोधनिबंध छापून आला. सौसरात शाल-श्रीफळ झालं. बापूजींनी वर्तमानपत्रातलं कात्रण चौकटीत बसवलं. "ही माझी लाडकी पिपेट," असं म्हणून बाई पाहुण्यांना मला दाखवायच्या. दोन वर्षं मी कौतुक ऐकलं आणि उणं मोजत राहिले.

मग परदेशातल्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं. 'आम्हाला तुमच्यासारखा निकाल मिळत नाही.' बाईंनी औषध तपासलं, पेशी तपासल्या, वह्या चाळल्या. महिनाभरानं त्यांनी मला नाजूक तराजूपाशी नेलं. मी उचललेलं पाणी तोललं, तर शंभर भाग भरायला हवेत तिथं ऐंशीच भरले. दहा वेळा केलं. दहाही वेळा ऐंशीच. बाई स्टुलावर बसल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत. औषधानं काहीच केलं नव्हतं. पेशी उपाशी होत्या.

त्यांचा विद्यार्थी स्वप्निल सौसरजवळच्या रामाकोना गावचा. त्याचा पीएचडीचा प्रबंध याच प्रयोगावर उभा होता.

"मॅडम, त्या लोकाईनं नुसतं विचारलं. कोणाले कळून राहिलं?"

"मला कळून राहिलं ना, स्वप्निल."

"अन् माझे दोन वर्षं?"

स्वप्निल दार आपटून गेला.

रविवारी बाई मला पर्समध्ये घालून सौसरला गेल्या. बापूजींनी मला तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिलं.

"एवढीशी चीज अन् एवढा घोटाळा! तू जाणून केलं काय?"

"नाही बापूजी. पण ही पडली होती, हे मला माहीत होतं. तपासली नाही. आता लेख वापस घेऊन राहिली मी."

बापूजींनी मला बाईंच्या हातात परत ठेवलं. बाई खाली मान घालून बसल्या होत्या.

"घे वापस, बाई," ते म्हणाले. "सौसरातल्या लोकाईले मी सांगतो. तू नको सांगू."

तेव्हा अमिताबाई रडल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

लेख मागे घेतला गेला. लोक बोलायचं ते बोलले. आठवड्यानं स्वप्निल परतला. त्यानं पांढरा कोट चढवला आणि नव्या पिपेटनं पहिल्यापासून प्रयोग मांडला. त्याला पदवी दोन वर्षं उशिरा मिळाली. 'हे औषध पेशींचं साखर खाणं थांबवत नाही,' एवढंच त्याच्या प्रबंधात सिद्ध झालं. बाई म्हणाल्या, "हे खरं आहे. दुसरं कोणी आता या वाटेनं फुकट जाणार नाही."

आता मी पांढुर्ण्याच्या एका शाळेत असते. मुलं माझ्यातून रंगीत पाणी उचलतात. इथं कमीजास्त झालं तरी कुणाचं बिघडत नाही. थकल्या जिवाला हे बरं वाटतं.

तरी एक मागणं आहे, मित्रांनो. मुक्या वस्तूंना आपलं दुखणं सांगता येत नाही. तुमच्या हातून काही पडलं तर त्याच दिवशी तपासा, आणि मोठ्यांना सांगा. ओरडा बसेल. पण तो संध्याकाळपर्यंत विरतो.